पिवळसर खनिजाची तांबडी भुकटी होताना: लोहखनिज तापवण्याच्या प्रकल्पाचा अनुभव

मे २०२५ मध्ये माझ्या एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या संशोधन प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली आणि जवळजवळ वर्षभर चाललेले काम संपले. लोहखनिज तापवले असता त्यातील खनिजे कोणत्या तापमानाला बदलतात आणि त्यांची स्फटिकरचना कशी बदलत जाते, हा प्रकल्पाचा विषय होता. आमचे महाविद्यालय धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. तेथे मफल भट्टी, म्हणजे बंद कप्प्याची विजेची भट्टी आहे, चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा काटा आहे, परंतु स्फटिकरचना ओळखणारे एक्स-किरण विवर्तनाचे, म्हणजे एक्सआरडीचे यंत्र नाही. खानदेशात अशा स्थितीत प्रकल्प करणारे विद्यार्थी बरेच आहेत. खनिज कोठून मागवावे, चाचणीसाठी कोणता अर्ज करावा, किती पैसे लागतील आणि यंत्र हाताशी नसताना आपल्याला स्वतः काय काय कळू शकते, हे मला सुरुवातीला कोणी सविस्तर सांगितले असते तर पुष्कळ काळजी वाचली असती, म्हणून हे लिहीत आहे.

जुलै २०२४ मध्ये विषय ठरला. खानदेशची जमीन बेसाल्टची आहे आणि आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणी नाहीत, तरी लोह जागोजाग दिसते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तेथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो, नदीच्या वाळूत चुंबक फिरवले की त्याला काळे कण चिकटतात, आणि वीटभट्टीतली करड्या मातीची वीट भाजल्यावर तांबडी होते. या तिन्ही गोष्टींमागे लोहाची ऑक्साइडे आहेत. मार्गदर्शक सरांनी सुचवले की खरे लोहखनिज बाहेरून मागवावे आणि तुलनेसाठी आपल्याच नदीची काळी वाळू घ्यावी. ही वाळू बेसाल्ट झिजून आलेली असल्याने तिच्यातील चुंबकीय कण शुद्ध मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या लोह ऑक्साइडचे नसतात, त्यात टायटॅनियमही असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

लोहखनिज हे कायद्याने प्रमुख खनिज असल्यामुळे कोणत्याही खाणीतून चार दगड उचलून आणणे योग्य नाही. प्राचार्यांच्या सहीचे, जावक क्रमांक टाकलेले आणि शिक्का असलेले पत्र तयार केले. त्यात केवळ शैक्षणिक वापरासाठी दोन किलो नमुना हवा आहे, हे स्पष्ट लिहिले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी परिसरातील एका खाणीच्या कार्यालयाला ते टपालाने आणि ई-मेलने पाठवले. गणेशोत्सव संपल्यावर उत्तर आले आणि सप्टेंबरच्या अखेरीस कापडी पिशव्यांत दोन प्रकारचे नमुने पोहोचले. कुरिअरचे सहाशे रुपये आम्ही दिले. एका पिशवीत पिवळसर-तपकिरी, हाताने कुस्करता येईल असे ठिसूळ खनिज होते आणि दुसरीत पोलादी करड्या रंगाचे जड, टणक तुकडे होते. पत्रात नमुन्याचा उपयोग आणि वजन लिहिलेले असले की समोरच्या अधिकाऱ्याला निर्णय घेणे सोपे जाते, हे मला तेथील भूशास्त्रज्ञांनीच फोनवर सांगितले.

नमुना तयार करण्यात ऑक्टोबर गेला. तुकडे फोडून ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला काढायचे आणि पुन्हा तेच करायचे, म्हणजे हातात उरलेली थोडी भुकटी संपूर्ण पिशवीचे प्रतिनिधित्व करते. त्यानंतर अगेटच्या खलात घोटून २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून सगळी भुकटी गाळली. चाळणीवर राहिलेला जाडा भाग टाकून देऊ नये, तो पुन्हा घोटून गाळावा, कारण टणक खनिज मागे राहते आणि मऊ खाली पडते. जाडा भाग टाकला तर नमुन्याचे प्रमाणच बदलते.

भट्टीच्या पडद्यावर दिसणारे तापमान आणि क्रुसिबलजवळचे, म्हणजे नमुना ज्यात तापवतात त्या भांड्याजवळचे खरे तापमान यांत फरक असू शकतो. आमच्या भट्टीची तपासणी अनेक वर्षांत झालेली नव्हती आणि बाहेरून करून घेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. सरांनी साधा उपाय सांगितला. शुद्ध सोडियम क्लोराइड ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. त्याची चिमूटभर पूड झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, नमुना जेथे ठेवणार तेथेच ठेवली आणि तापमान थोडे थोडे वाढवून प्रत्येक वेळी ती वितळली आहे का ते पाहिले. पडदा सुमारे बारा अंश जास्त दाखवत होता. हा आकडा मी पुढे प्रत्येक नोंदीत धरला आणि प्रबंधातही लिहिला. परीक्षकांनी त्याची विशेष दखल घेतली, त्यामुळे ज्यांची भट्टी जुनी आहे त्यांनी हे अवश्य करावे.

दिवाळीनंतर प्रत्यक्ष तापवण्यास सुरुवात झाली. २००, ३००, ४००, ६००, ८०० आणि १००० अंश ही तापमाने ठरवली. दर मिनिटाला पाच अंश या वेगाने तापवायचे, ठरलेल्या तापमानाला तीन तास ठेवायचे आणि भट्टी बंद करून दार न उघडता रात्रभर थंड होऊ द्यायचे, असा क्रम सर्व नमुन्यांसाठी एकच ठेवला. हजार अंशांपर्यंत जाण्यासच तीन तासांहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे सकाळी प्रयोगशाळा उघडल्याबरोबर भट्टी सुरू करावी लागे. प्रयोगशाळा परिचर आप्पा माझ्यासाठी लवकर येत. "ताई, आज वीज जाणार आहे, संदेश आला आहे," असे त्यांनी सांगितले की त्या दिवशी मी भट्टीला हात लावत नसे. मध्येच वीज गेली तर तीन तासांचा हिशेब मोडतो आणि तो नमुना तुलनेच्या कामाचा राहत नाही. महावितरणचे नियोजित खंडाचे संदेश महाविद्यालयाच्या नोंदणीकृत क्रमांकावर येतात, ते कोणाकडे येतात याची चौकशी आधीच करून ठेवावी.

वजन हे या प्रकल्पातील सर्वांत स्वस्त मोजमाप, आणि माझ्या मते सर्वांत बोलके. पिवळसर खनिजाचा रंग गोएथाइटमुळे असतो. गोएथाइट हे लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड आहे आणि तापवल्यावर त्याच्या दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघून जाऊन हेमाटाइट, म्हणजे लोहाचे तांबडे ऑक्साइड उरते. शुद्ध गोएथाइटचे वजन या बदलात १०.१ टक्के कमी होते. माझा नमुना आधी १०५ अंशांवर रात्रभर वाळवून नुसता ओलावा काढून टाकला होता, म्हणजे पुढे कमी होणारे वजन रचनेतल्या पाण्याचे. २०० अंशांवर जेमतेम ०.४ टक्के घट झाली. ३०० अंशांवर ती एकदम ६.६ टक्क्यांवर गेली आणि ४०० अंशांवर ७.१ झाली. तेथून १००० अंशांपर्यंत मिळून केवळ १.२ टक्क्यांची भर पडली. पहिली मोठी घट सगळी गोएथाइटची धरली तर नमुन्यात ते सुमारे ७० टक्के येते. यात एक अडचण आहे, ती लपवू नये: अशा जांभ्याजवळच्या खनिजात गिब्साइट हे ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड असेल तर तेही सुमारे ३०० अंशांच्या आसपासच पाणी सोडते, आणि त्याचे पाणी वजनाने खूप जास्त असते, म्हणून ७० हा आकडा वरची मर्यादा समजावा. ४०० अंशांनंतरची हळू घट केओलिनाइटसारख्या चिकणमातीच्या खनिजाशी जुळते, कारण ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान आपले पाणी सोडते. करड्या, टणक खनिजात मात्र सगळी मिळून ०.९ टक्केच घट आली, म्हणजे ते मुळातच बहुतांशी हेमाटाइट होते.

वजन करताना एक काळजी अत्यंत आवश्यक आहे. ३०० अंशांवर तापवलेली भुकटी दिसायला साधी असली तरी पाणी निघून गेल्यामुळे तिच्या प्रत्येक कणात अतिसूक्ष्म छिद्रे पडलेली असतात, आणि ती हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. काट्यावर ठेवल्या ठेवल्या शेवटचा आकडा वर सरकताना मी पाहिला आहे. म्हणून क्रुसिबल भट्टीतून थेट सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतला ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात ठेवावे, काटा आधी शून्यावर आणून तयार ठेवावा आणि झाकणासह वजन करावे. ८०० आणि १००० अंशांच्या नमुन्यांत हा त्रास जाणवत नाही, कारण तोपर्यंत छिद्रे बुजून कण एकमेकांना चिकटू लागलेले असतात. हजार अंशांवरची भुकटी तर क्रुसिबलमधून हलक्या खड्यांच्या रूपात बाहेर आली.

रंगाची नोंद मी छायाचित्रे काढून ठेवली. २०० अंशांवर रंग फारसा बदलत नाही, ३०० अंशांवर भुकटी उजळ तांबडी होते, ६०० वर गडद होते आणि १००० वर जांभळटपणाकडे झुकते. ३०० ते १००० या सर्व नमुन्यांत खनिज एकच, हेमाटाइट. रंगातला फरक मुख्यतः कणांच्या आकाराचा आहे. बारीक हेमाटाइट तांबडे दिसते आणि जाड स्फटिकांचे हेमाटाइट करडे, धातूसारखे दिसते. पोलादी करडा तुकडा खलात घोटला की त्याचीही भुकटी लालच होते.

काळ्या वाळूने वेगळीच गोष्ट दाखवली. तिचे वजन तापवल्यावर वाढले. मॅग्नेटाइटमधील लोहाचा काही भाग कमी ऑक्सिडीकरण झालेला असतो, तो हवेतला ऑक्सिजन घेतो, आणि शुद्ध मॅग्नेटाइटचे पूर्ण हेमाटाइट झाले तर वजन सुमारे ३.५ टक्के वाढते. माझ्या वाळूत ते १.९ टक्के वाढले. वाळूत चुंबकाबरोबर ओढले आलेले इतर खनिजांचे कण होते आणि टायटॅनियममुळे मुळात ऑक्सिजन घेऊ शकणारे लोहही वेगळ्या प्रमाणात होते, त्यामुळे ३.५ ची अपेक्षा धरता येत नाही. तापवलेल्या वाळूची चुंबकाकडची ओढ स्पष्टपणे कमी झाली होती. लोह तेवढेच असूनही चुंबकाने पाठ फिरवावी, हे पाहताना मला स्फटिकरचनेचे महत्त्व पुस्तकातल्या कोणत्याही आकृतीपेक्षा अधिक नीट कळले.

उलटा प्रवासही करून पाहिला. पिवळसर खनिजाच्या ६०० अंशांवर तापवलेल्या भुकटीत पऱ्हाटीचा बारीक कोळसा मिसळला, क्रुसिबलचे झाकण लावून पुन्हा ६०० अंशांवर एक तास ठेवले आणि बंद भट्टीतच थंड होऊ दिले. तांबडी भुकटी काळी होऊन बाहेर आली आणि चुंबकाने क्रुसिबलच्या तळापासून उचलून घेतली. कोळशामुळे हेमाटाइटमधला थोडा ऑक्सिजन निघून जाऊन मॅग्नेटाइट तयार झाले. कमी प्रतीच्या खनिजातून लोहाचे कण चुंबकाने वेगळे काढण्यासाठी उद्योगात याच तत्त्वावर खनिज भाजतात. या प्रयोगात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि तो प्राणघातक आहे, म्हणून धूर ओढून घेणाऱ्या कपाटाची सोय असेल तरच, सरांच्या उपस्थितीत आणि अत्यल्प प्रमाणात हा प्रयोग करावा.

आता एक्सआरडीच्या अर्जाविषयी, कारण बहुतेकांची काळजी तेथेच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी दोन संस्थांना ई-मेल केले आणि दरापूर्वी एक प्रश्न विचारला: यंत्रातील एक्स-किरण नळी तांब्याची आहे की कोबाल्टची, आणि तांब्याची असल्यास लोहाच्या प्रतिदीप्तीसाठी काही उपाय आहे का? तांब्याच्या नळीच्या किरणांची ऊर्जा सुमारे ८.०४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि लोह ७.११ च्या वरची ऊर्जा शोषून स्वतःच किरण टाकू लागते. त्यामुळे आलेखाची पार्श्वभूमी उंच उठते आणि लहान शिखरे तिच्यात बुडतात. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा ६.९३ असल्याने हा प्रश्न येत नाही. एका संस्थेत तांब्याची नळी होती आणि कोणताही उपाय नव्हता; दुसरीत नळी तांब्याचीच होती, परंतु शोधकावर ऊर्जा गाळण्याची सोय होती. या दुसऱ्या संस्थेत रांग मोठी होती, तरी मी तीच निवडली.

अर्जाबरोबर विभागप्रमुखांचे पत्र, बोनाफाइड प्रमाणपत्र, ओळखपत्राची प्रत आणि नमुन्यात विषारी किंवा किरणोत्सारी पदार्थ नसल्याचे घोषणापत्र लागले. त्या महिन्यात विधानसभेची निवडणूक होती आणि आमच्या कार्यालयातील बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते, त्यामुळे बोनाफाइड मिळण्यास २० नोव्हेंबरचे मतदान उलटून जावे लागले. शैक्षणिक दर प्रत्येक नमुन्यास ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी होता. आठ नमुन्यांचे ४,७२० रुपये आधी ऑनलाइन भरले. पावतीवर महाविद्यालयाचे नाव हवे असल्यास ते पैसे भरतानाच लिहावे लागते, नंतर बदलत नाही. प्रत्येक नमुना दोन ग्रॅम, घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटलीवर आणि झाकणावर दोन्हीकडे क्रमांक लिहून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवला. अर्जात १५ ते ७५ अंश कोनाची कक्षा, ०.०२ अंशांचा टप्पा आणि आकड्यांची मूळ फाइल, या तिन्ही गोष्टी लिहून मागाव्यात. नुसते छापील चित्र आले तर त्यावरून पुढचे काहीच मोजता येत नाही.

मग वाट पाहणे सुरू झाले. नाताळ गेला, संक्रांत गेली, तिसऱ्या सत्राचे गुण भरण्याची तारीख जवळ आली आणि माझ्या हातात एकही आलेख नव्हता. त्या दिवसांत झोप नीट लागत नसे. सरांनी तिसऱ्या सत्राचा अहवाल वजन, रंग आणि चुंबकाच्या नोंदींवरच लिहायला लावला. तो लिहिताना लक्षात आले की प्रत्येक नमुन्यात काय सापडायला हवे, हे मी एक्सआरडीशिवायच सांगू शकते. ती अपेक्षा मी तारीख टाकून वहीत लिहून ठेवली. जानेवारीच्या शेवटी फाइली आल्या.

आकड्यांवरून खनिजे ओळखण्यासाठी पैसे देऊन घ्यायची संगणक प्रणाली आमच्याकडे नव्हती. क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस हा विनामूल्य आहे आणि त्यातील रचना पुरेशा आहेत. आलेखात प्रत्येक खनिजाची शिखरे ठरलेल्या कोनांना येतात; तेथील अंश कोनाचे, तापमानाचे नव्हेत. न तापवलेल्या पिवळसर नमुन्यात गोएथाइटचे ठळक शिखर २१.२ अंशांजवळ होते आणि क्वार्ट्झचे २६.६ जवळ. ३०० अंशांच्या नमुन्यात गोएथाइटचे शिखर जवळजवळ नाहीसे झाले होते, ४०० अंशांवर ते पूर्ण गेले आणि हेमाटाइटची शिखरे ३३.२ आणि ३५.६ अंशांना आली. वजनाने जे सांगितले होते तेच येथे दिसत होते.

३०० आणि ४०० अंशांच्या आलेखांत मात्र एक गोष्ट अशी होती जी तराजू सांगू शकला नसता. ३५.६ चे शिखर बऱ्यापैकी टोकदार होते आणि त्याच्या शेजारचे, एरवी सर्वांत उंच असणारे ३३.२ चे शिखर बुटके आणि पसरट होते. एकाच खनिजाची दोन शिखरे इतकी वेगळी का, या प्रश्नावर माझा फेब्रुवारी महिना गेला आणि हाच माझ्यासाठी सर्वांत आनंदाचा काळ होता. गोएथाइट आणि हेमाटाइट या दोघांतही ऑक्सिजनचे थर दाट षट्कोनी रचनेत बसलेले असतात. पाणी निघून जाताना ऑक्सिजनची ही चौकट बरीचशी टिकते, लोहाच्या अणूंना मात्र नव्या जागी सरकावे लागते आणि मध्ये पट्ट्यांसारखी सूक्ष्म छिद्रे उरतात. म्हणून काही दिशांना स्फटिक लांबवर सुसंगत राहतो आणि काही दिशांना तुटक होतो. शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने मोजले तेव्हा ३०० अंशांच्या नमुन्यात ३५.६ च्या शिखरावरून आकार सुमारे ३३ नॅनोमीटर आला आणि ३३.२ च्या शिखरावरून सुमारे १४. कण एकच, तरी कोणत्या दिशेने मोजता त्यावर उत्तर बदलते. त्यामुळे एकाच शिखरावरून आकार काढून तो कणाचा आकार म्हणून लिहू नये. ६०० अंशांवर हा फरक पुष्कळ कमी झाला आणि १००० अंशांवर सर्व शिखरे सारखी टोकदार झाली. करड्या खनिजात कच्च्या आणि १००० अंशांच्या नमुन्यांत नवे काही आले नाही, शिखरे किंचित बारीक झाली एवढेच. कोळशाच्या नमुन्यात मॅग्नेटाइटची शिखरे ३०.१ आणि ३५.५ अंशांना होती आणि सोबत थोडे हेमाटाइट उरले होते.

मार्च आणि एप्रिल लिखाणात गेले. टंकलेखन मी स्वतः केले, चार प्रतींच्या छपाईला आणि बांधणीला सुमारे १,८०० रुपये लागले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला की आणखी तापवले तर हेमाटाइट तसेच राहील का. हवेत सुमारे १३९० अंशांच्या वर हेमाटाइट ऑक्सिजन सोडून मॅग्नेटाइट होते, परंतु आमची भट्टी ११०० च्या पुढे जात नाही, असे उत्तर मी दिले. लोहखनिजाच्या गोळ्या साधारण १२५० ते १३५० अंशांवर भाजतात हे सांगून त्यांनी पुढे विचारले की माझे पिवळसर खनिज त्यासाठी चालेल का. निघून जाणाऱ्या पाण्यामुळे गोळ्या तडकू शकतात आणि पाणी घालवण्यास जास्त इंधन लागते, म्हणून ते हळू तापवावे लागेल किंवा टणक खनिजात मिसळावे लागेल, हे मी माझ्या वजनांच्या तक्त्यावरून दाखवले.

शेवटचा प्रश्न काळ्या वाळूचा होता. वाळूचे नमुने पैशांअभावी एक्सआरडीला पाठवता आले नव्हते. टायटॅनियम असलेले मॅग्नेटाइट हजार अंशांवर हवेत तापवले तर हेमाटाइटबरोबर स्यूडोब्रुकाइट हे लोह आणि टायटॅनियमचे ऑक्साइडही तयार होऊ शकते, आणि १.९ टक्क्यांच्या वाढीवरून या दोघांचे प्रमाण वेगळे काढता येत नाही, हे मी मान्य केले. परीक्षकांनी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ही मर्यादा एका परिच्छेदात स्पष्ट लिहायला सांगितले. ते पान बदलून, सरांची नवी सही घेऊन प्रत विभागात जमा केली. वाळूचे कच्चे आणि तापवलेले नमुने डेसिकेटरमध्ये क्रमांकासह ठेवले आहेत, आणि जुलैमध्ये येणाऱ्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने त्यांच्या चाचणीचा अर्ज भरण्यास सुरुवात केली आहे.